अक्रा ते मोले, ट्रो-ट्रोने एकटीने

सगळ्यात आधी यलो फिव्हरच्या लसीचं बघा. घानाला जायचं तर ही लस सक्तीची आहे आणि ती नेहमीच्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते. काही केंद्रांवर ती ठरावीक वारीच देतात, त्यामुळे आधी चौकशी करून नंबर लावलेला बरा. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग ते जन्मभर चालतं. परत येताना हेच पिवळं कार्ड भारतातही मागतात आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. व्हिसा दिल्लीतल्या उच्चायुक्तालयातून काढला, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू केल्या आणि मुंबईहून अदिस अबाबामार्गे घानाची राजधानी अक्रा गाठली. जानेवारी मुद्दाम निवडला. या दिवसांत सहाराकडून हरमॅटनचा वारा येतो, आभाळ धुळीने पांढुरकं होतं, ओठ फुटतात. पण उत्तरेत पाणी आटलेलं असल्यामुळे हत्ती पाणवठ्यावर हमखास येतात. मला तिकडच्या मोले राष्ट्रीय उद्यानातले ते हत्ती बघायचे होते.

देशभर फिरायचं साधन म्हणजे ट्रो-ट्रो, म्हणजे खासगी मिनीबस. आमच्या सातारा-सांगलीकडचं वडाप ज्याने केलंय त्याला काही शिकवायला लागत नाही: गाडी भरल्याशिवाय निघत नाही. दाराशी उभा असतो तो 'मेट', म्हणजे कंडक्टर. अक्रात तो "सर्क-सर्क-सर्क" ओरडत बोट गोल फिरवतो, म्हणजे गाडी एनक्रुमा सर्कलला चाललीय. मधल्या वाटेतही घडीच्या खुर्च्या उघडतात, म्हणून मागच्या माणसाला उतरायचं असलं की अर्धी गाडी उठते. भाडं पुढच्याच्या खांद्यावर टकटक करून हातोहात मेटकडे जातं आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. माझे सुटे कधी कमी आले नाहीत. पैसे द्यायचे ते उजव्या हातानेच. आपल्याकडच्यासारखंच डावा हात पुढे करणं तिथेही उद्धटपणाचं समजतात.

दुसरी गोष्ट मी पहिल्याच दिवशी अक्रातल्या केनेशी ट्रो-ट्रो स्टेशनवर शिकले, आणि पुढचा सगळा प्रवास तिच्यावर झाला. तिथे रस्ता विचारायच्या आधी माणसाची विचारपूस करतात. मी एका केळीवाल्या बाईंना "गुड मॉर्निंग आंटी, कशा आहात?" म्हटलं, मग समुद्रकाठच्या केप कोस्ट शहराची गाडी विचारली. त्यांनी शेगडीवरचं केळं उलटवलं, शेजारणीला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि मला थेट गाडीच्या दारापर्यंत नेऊन मेटला बजावलं, "ही माझी बहीण आहे, नीट उतरव." मेटने केप कोस्टला मला एका टॅक्सीवाल्याच्या ताब्यात दिलं आणि भाडं किती घ्यायचं तेही त्याला सांगितलं. असं मला माणसांनी माणसांच्या हवाली केलं, पार उत्तरेपर्यंत. हिंदी मालिका तिथे ट्वी भाषेत डब होऊन घरोघरी पोचल्यात, त्यामुळे मी भारतातली म्हटल्यावर गप्पांना विषय शोधावा लागत नसे.

मी शाकाहारी आहे, म्हणून खाण्याचंही सांगते. 'वाची' म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, पानात बांधून देतात. त्यावरची काळी चटणी, शिटो, मात्र नको म्हणायची, त्यात सुकी मासळी आणि कोळंबी असते. 'रेड रेड' म्हणजे पाम तेलातली चवळी आणि तळलेलं पिकं केळं. तेही घेताना मासे घातलेत का, ते विचारावं. आणि निखाऱ्यावर भाजलेलं केळं, सोबत मूठभर शेंगदाणे. प्रवासात मी त्यावरच जास्त राहिले.

गुलामांच्या व्यापाराचा केप कोस्टचा किल्ला बघायला मन घट्ट करून जावं लागतं. पुरुष कैद्यांच्या तळघरात गाइडने दिवा घालवला. उंचावरच्या एका झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. पायाखालची जमीन त्याने मुद्दाम दाखवली: एका भागात विटा उघड्या केल्यात, बाकीच्या भागावर शतकांपूर्वी तिथे कोंडलेल्या माणसांच्या मैल्याचा घट्ट झालेला थर आहे. आपण त्याच्यावरच उभे असतो. आणि बरोबर वरच्या मजल्यावर प्रार्थनाघर होतं. हे ऐकल्यावर मला काही वेळ बोलता आलं नाही. समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला 'डोअर ऑफ नो रिटर्न' म्हणतात. १९९८ साली जमैका आणि न्यूयॉर्कमधून दोन गुलामांचे अवशेष याच दारातून परत आणले, तेव्हापासून बाहेरच्या बाजूला 'डोअर ऑफ रिटर्न' अशी पाटी आहे. जवळचा एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ साली बांधायला घेतला. दोन्ही एकाच दिवशी करू नका. कोकणचे किल्ले बघतो तसं हे बघता येत नाही.

कुमासीला केजेटिया बाजारापुरतीच थांबले. तिथून उत्तरेतलं तमाले शहर हा दिवसभराचा पल्ला. त्यासाठी मोठी बस घ्यावी, ट्रो-ट्रोत एवढा वेळ पाय अवघडतात. गाडी सुटण्याआधी एक गृहस्थ चढून सगळ्यांसाठी प्रार्थना म्हणतात, मग औषधं विकणारे चढतात. तमालेच्या पुढे वेश, भाषा सगळं बदलतं, मशिदी वाढतात. लाराबंगा गावाला उतरलं की जुनी मातीची मशीद समोरच आहे, भिंतींतून लाकडं बाहेर आलेली. मुस्लिमेतरांनी ती बाहेरून बघायची. मोले उद्यानाच्या फाटकापर्यंत तिथून मोटरसायकल मिळते. मोलेत बंदूकधारी रेंजरबरोबर पायी फिरवतात. पाणवठ्यात उभा असलेला हत्ती सोंडेने पाठीवर चिखल उडवत होता, आम्ही झाडाआड, मध्ये कुंपण नाही. रेंजर खुणेने सांगेल तेव्हा हलायचं, सांगेल तेव्हा थांबायचं.

एकट्या बाईला "लग्न झालंय का, नवरा कुठेय" हे सगळे विचारतात, पण त्यात मला कुठे वाईट हेतू दिसला नाही. नव्या गावात मी उजेड असतानाच पोचत असे, आणि बुर्किना फासोच्या सीमेकडचा भाग तिकडच्या अशांततेमुळे सोडून दिला. मोलेहून परतताना मला तमालेची गाडी अगदी पहाटे लाराबंगाहून मिळाली. तिची वेळ आदल्या संध्याकाळीच गावात विचारून ठेवा आणि फाटकापासून नेणारा मोटरसायकलवालाही तेव्हाच ठरवा.