निवडणं घरी, दळणं बाहेर

ज्वारी दळायला टाकताना कुणी हिशेब मांडत नाही, की जातं घरी फिरवावं की गिरणीवाल्याला पैसे द्यावेत. निवडणं, ऊन दाखवणं घरी, दळणं बाहेर. हे ठरून गेलेलं आहे. धुणं-भांडी, फरशी, भाकरी, टाक्या यांचं असं काही ठरलेलं नसतं. मग दोनच टोकं उरतात: अख्खं काम मावशींवर, नाहीतर अख्खं आपल्या बोकांडी. जुळे सोलापुरात आमचं चौघांचं घर, दोघं नोकरीला. बाई लावायची की नाही हा वाद सोडून दिला आणि प्रत्येक कामाचा कुठला तुकडा विकत घ्यायचा एवढंच ठरवायला बसलो, त्यालाही सहा महिने लागले. मजुरीचे आकडे मुद्दाम देत नाही. पेठेत एक भाव, होटगी रोडला दुसरा, अपार्टमेंटमध्ये तिसराच.

सुरुवात वहीपासून केली. चार रकाने: काम, मिनिटं, पाण्याच्या बादल्या, आणि मागे उभं राहावं लागलं का. नोंद पंधरा दिवसांची तरी हवी. आमच्याकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे एका आठवड्यात कधी एक पाळी पडते, कधी दोन, आणि आठवड्याची नोंद फसवते. मिनिटं अंदाजाप्रमाणेच निघाली: दोन वेळची भांडी ७०, केर-फरशी ४०, चपात्या-भाकरी ५०. चूक निघाली ती पाण्याच्या रकान्यात. अर्ध्या उघड्या नळाखाली २० लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरत होती. म्हणजे भांडी विसळताना वीस मिनिटं धार सोडली, की पावणेसहा बादल्या गेल्या. तीच भांडी तीन घमेल्यांत (एकात खरकटं काढायचं, दुसऱ्यात पहिलं विसळण, तिसऱ्यात शेवटचं) अडीच बादल्यांत निघतात. उजनीहून शंभरेक किलोमीटर आलेलं पाणी असं सोडून द्यायचं आणि वर टँकरवाल्याला फोन करायचा, हा खर्च बाईंच्या पगारात दिसत नाही, पण असतो.

म्हणून पहिला निर्णय: धुणं रोजचं नाही, नळाच्या दिवशीचं. रोज भांडी आणि केर-फरशी, नळाच्या दिवशी त्यात धुणं. मावशींना हे सोयीचं पडेल का, असं आधी विचारलं. कारण सोलापुरात घरकाम करणाऱ्या बऱ्याच बायका घरी विड्याही वळतात. विड्या नेऊन देण्याची वेळ ठरलेली असते, ती मोडली तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते. आपली 'सकाळी आठला या' ही अट तिथेच अडते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का म्हणाल्या, "विडी देऊन आले की अकरा वाजतात ताई. तोवर नळ जाऊ द्या की, टाकी भरून ठेवा म्हंजे झालं." मोटर लावून टाकी भरणं हे आमचं काम, धुणं त्यांचं. इतकं साधं.

भांड्यांत निवडण्याचा भाग कोणता? कुकरची रिंग आणि शिट्टी. खरकट्याबरोबर शिट्टी मोरीत गेली की परत मिळत नाही, आणि रिंग तारेच्या घासणीने घासली की तिची कड तुटते, मग कुकर वाफ धरत नाही. दोन्ही काढून, धुऊन आम्हीच वर ठेवतो. नॉनस्टिक तवाही बाहेर ठेवायचा नाही. "तार लावू नका" हे दहा वेळा सांगण्यापेक्षा तो स्वतः विसळणं दोन मिनिटांचं आहे. करपलेलं पातेलं मात्र रात्री पाणी आणि चमचाभर सोडा घालून पाच मिनिटं उकळून ठेवलं, तर सकाळी घासणाऱ्याचे मनगटाचे हाल वाचतात. हा भाग घरच्यांनी केलाच पाहिजे. पैसे दिले म्हणून समोरच्याने खरवडत बसावं असं नाही.

फरशीचं थोडक्यात. जुन्या घरात शहाबादी असेल तर ॲसिड घरातच ठेवू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, लोकांना वाटतं घाण निघतेय. निघत असते फरशीच. वरची गुळगुळीत कातडी जाते, दगड खरखरीत होतो आणि पुढे तेलाचा डाग जास्तच धरतो. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकाच मोरीत कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये काम करणारी बाई तो आधी हुंगते, आपण नाही. बाटल्यांवर नाव वाचता येतंच असं धरून चालू नये. आमच्याकडे एकच बाटली असते, ती साबणाच्या पाण्याची.

धुण्यात मशीन घ्यायचं की मावशी, हा प्रश्न आम्ही बरेच दिवस चुकीचा विचारत होतो. दोन्ही लागतात, तुकडे वेगळे. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज ओढतं आणि ते थेट गटारात सोडतं. सेमी-ऑटोमॅटिकला माणूस लागतो, पण साबणाचं पाणी तेच राहतं: आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. शेवटचं विसळणीचं पाणी पिंपात, संडासाला. नळ पाच दिवसांनी येणाऱ्या गावात मला हेच यंत्र पटतं, जाहिरात काहीही सांगो. बोअरचं पाणी वापरत असाल तर साबणाच्या वडीऐवजी पावडर वापरा. जड पाण्यात वडीचा साबण क्षाराशी मिळून पांढरट साका धरतो आणि काळ्या कपड्यांवर तो राखेसारखा दिसतो. दोष धुणाऱ्याचा नसतो. मशीनच्या ड्रमवर हाच थर बसतो. दीड-दोन महिन्यांनी १०० ग्रॅम लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून रिकामं मशीन फिरवलं की सुटतो.

आता चादरी. सोलापुरात बसून चादर धुण्याचं गणित चुकवणं लाजिरवाणं आहे, पण चुकतं. आमच्या घरची डबल चादर काट्यावर सव्वादोन किलो भरली. साडेसहा किलोच्या मशीनमध्ये दोन बसतील असं कागदावर वाटतं. बसत नाहीत. जाड सुती विणीची चादर पाणी पिऊन फुगते, ड्रमच्या एका अंगाला गोळा होते आणि पिळताना मशीन धडधडून बंद पडतं. सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनरची ताकद धुण्याच्या टबापेक्षा कमीच असते, तिथे एकसुद्धा जड. शिवाय नवी चादर पहिल्या दोन धुण्यांना रंग सोडते. ती एकटी, गार पाण्यात, न भिजवता. चादरी धुणं हे पूर्ण दळण्याचं काम: वर्षातून दोनदा, नळाच्या दिवशी, गच्चीवर, दोन बायका, नगावर पैसे. पगारात धरायचं नाही. एका बाईला एकटीला ओली चादर पिळायला लावणं हा अन्याय आहे, दोन टोकं दोघींनी धरल्याशिवाय ती पिळली जात नाही. आपण हाताशी असलो तर एक टोक आपण धरायचं. वाळत घालताना उलटी बाजू वर, नाहीतर एप्रिलच्या उन्हात एका दुपारी लाल रंग विटतो.

भाकरीत उलटं झालं. थापणं हे कौशल्य, ते विकत घ्यावं. पीठ मात्र आपलं द्यावं. गल्लीतल्या एक काकू नगावर भाकऱ्या करून देतात. त्यांच्या पिठाच्या भाकरीला आणि आमच्या पिठाच्या भाकरीला वेगळा दर आहे, आणि फरक चवीतही आहे. मालदांडी ज्वारी (मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) आणून निवडून ठेवतो आणि एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळतो. पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. मग थापणारीला नावं ठेवली जातात. उकळतं पाणी घालून मळलं तर थोडं सावरतं, पण तेवढंच. गिरणीत दळण टाकताना आपल्या आधी काय दळलं ते बघायचं. हरभऱ्याची डाळ दळून झाली असेल तर थांबा, ज्वारीमागेच ज्वारी टाका. किलोभर पिठात आमच्या मापाच्या दहा-अकरा भाकऱ्या होतात. हा आकडा माहीत असला की काकूंशी पिठावरून कुरबूर होत नाही. आणि डब्यात कडक भाकरीचा एक गठ्ठा कायम. काकू गावाला गेल्या की ती आणि शेंगाची चटणी, दही.

काळं तिखट तर याचा नमुनाच आहे. भाजणं घरी, कांडणं बाहेर. मिरची, धणे, खोबरं, तीळ वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला वेगळी आच लागते. हे दुसऱ्यावर सोडलं की सगळं एका कढईत जातं. तीळ करपतात, धणे कच्चे राहतात. कांडपाला नेण्याआधी सगळं पूर्ण गार हवं. गरम खोबरं कांडपात गेलं की तेल सुटतं आणि तिखटाच्या गाठी होतात. कांदा वापरत असाल तर कडकडीत वाळलेलाच; ओल राहिली तर पावसाळ्यात बरणीला बुरशी.

सगळ्यात जास्त चुका टाकीत होतात. गच्चीवरची १,००० लिटरची प्लास्टिकची टाकी घरी धुता येते, तासाभराचं काम. नळाच्या आदल्या दिवशी करायचं, म्हणजे टाकी आपोआप रिकामी होत आलेली असते. तळाशी दोन-तीन इंच पाणी राहू द्यावं, खाली जाणाऱ्या पाइपच्या तोंडात जुना पंचा घट्ट कोंबावा. हे विसरलं की गाळ घरातल्या सगळ्या नळांत उतरतो आणि तोट्यांच्या जाळ्या तुंबतात. नायलॉनच्या ब्रशने भिंती घासायच्या, साबण नाही, तार तर नाहीच. प्लास्टिकला चरे पडले की शेवाळ त्यातच घर करतं. गाळ मगाने काढून उरलेला टॉवेलने टिपून घ्यायचा. सोलापुरी टर्किश टॉवेलइतकं पाणी दुसरं काही ओढत नाही.

निर्जंतुक करायला टाकीभर पाण्यात पावडर घालून ते ओतून द्या, असं सांगितलं जातं. बरोबर आहे, पण इथे हजार लिटर पाणी ओतून देण्याची कुणाची छाती होणार? त्याऐवजी २० लिटरच्या बादलीत १५ ते २० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवायची, पंधरा मिनिटं निवळू द्यायची, वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत काढून त्यात भिजवलेल्या फडक्याने भिंती आणि झाकणाची आतली बाजू पुसायची. हातमोजे घालून, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. अर्धा तास थांबून दोन बादल्यांनी विसळायचं, ते पाणीही टिपून काढायचं, मग पंचा काढायचा. फोडून ठेवलेल्या पुड्यातली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. वास मंद झाला असेल तर ती फक्त चुना आहे असं समजा. भरलेल्या टाकीत पिण्यासाठी टाकायचं प्रमाण वेगळं: हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास, आणि तासभर थांबायचं.

जमिनीखालचा हौद मात्र आम्ही धूत नाही. पैसे वाचतात म्हणून उतरायची जागा नाही ती. बंद हौदात हवा कोंडते आणि मोटरची वायर पाण्यात असते. पण मजूर लावला म्हणून धोका त्याच्याकडे गेला आणि आपण सुटलो, असंही नाही. येणाऱ्यांना फोनवरच विचारतो: माणसं किती? एक म्हणाले तर नको. गाळ ओढायचा पंप आहे का? जेटला (जोराच्या फवाऱ्याला) पाणी किती लागेल, म्हणजे तेवढं बाजूला काढून ठेवता येतं. ते येण्याआधी तासभर झाकण उघडं ठेवायचं, मोटरचं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून हातात घ्यायचा. एक माणूस वर उभा राहिलाच पाहिजे. तो त्यांचा नसेल तर आपल्यातला.

ठरवाठरवीचं दोन ओळींत. कामाच्या पहिल्या दिवशी एक कागद: रोज काय, नळाच्या दिवशी काय, सणाआधीची जादा साफसफाई वेगळ्या पैशांत, महिन्यात दोन सुट्ट्या पगारी, पगार एक तारखेला. नळ आला नाही म्हणून धुणं हुकलं तर पैसे कापायचे नाहीत, नळ त्यांच्या हातात नाही. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी होते, तिला कामाला ठेवणाऱ्याचा दाखला लागतो. तो लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि बऱ्याच घरांतून तेवढीही मिळत नाहीत.

मोठ्या सुट्ट्या आधीच कॅलेंडरवर लिहून टाकल्या आहेत. जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, तीन दिवस आणि अक्का शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, असल्याने नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. त्या दिवशी भांडी कुणी घासायची यावर चर्चा होत नाही. घरात पत्रावळी आणून ठेवलेल्या असतात.