पेटी अमेरिकेत, आम्ही बर्लिनला

न्यू जर्सी सोडलं, पण आयआरएसचा, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याचा, कागदी पत्रांचा सोस काही सुटत नाही. मित्राच्या पत्त्यावर किती दिवस टपाल मागवणार? म्हणून आज व्हर्च्युअल मेलबॉक्स घेऊन टाकला: अमेरिकेतला भाड्याचा पत्ता, तिथे आलेलं टपाल कंपनी स्कॅन करून ऑनलाइन दाखवते.

महिन्याचं भाडं सगळेच ठळक दाखवतात. खरी मेख खाली बारीक अक्षरात: पत्र उघडून स्कॅन करायचे पैसे वेगळे, जास्त दिवस ठेवलं तर वेगळे, चेक बँकेत भरायचे आणखी वेगळे. शिवाय अमेरिकी टपाल खात्याचा फॉर्म १५८३ भरून दिल्याशिवाय कुणी तुमचं टपाल हातात घेत नाही. दोन ओळखपत्रं, वर नोटरी. ती व्हिडिओ कॉलवर झाली. नोटरी बाईंनी पासपोर्ट दिव्याखाली इतका तिरका करायला लावला की माझाच मला संशय यायला लागला.

बँकेला मात्र हा पत्ता फक्त पत्रव्यवहारासाठी द्या, राहण्याचा म्हणून नको. तो व्यावसायिक पेटीचा आहे हे त्यांना कळतं. आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, म्हणून तिथली पेटी घेतली की आपलाही सुटला म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

चेक भरण्याची सोय कुणी वापरली असेल तर अनुभव सांगा, ती अजून घेतलेली नाही.