तुम्ही विचारलंत म्हणून: घरी स्पीकर बनवताना सगळ्यात अवघड काय असतं?

घरी कोणी नवीन आलं की समोरच्या तीन स्पीकरकडे बघतं, हात लावून बघतं आणि मग प्रश्न येतोच की हे तुम्ही स्वतः बनवलेत? मग यात सगळ्यात अवघड काय होतं, लाकूडकाम का? आजवर किती जणांनी विचारलं असेल, आणि उभ्याउभ्या उत्तर द्यायचं म्हणून मी "हो, तेही आहेच" म्हणून सोडून देतो. पण खरं उत्तर ते नाहीये, आणि मला ते नीट सांगायचं आहे, कारण त्या उत्तरात माझी आई आहे.

लाकूडकामाचं आधी उरकून टाकतो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी), तुकडे मशीनवर अचूक कापून घेतले, गोंद लावून क्लॅम्पमध्ये रात्रभर दाबून ठेवले, आत एक आडवी पट्टी म्हणजे भिंती थरथरत नाहीत, आणि वूफरसाठी, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागासाठी, गोल भोक. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो, त्यामुळे मास्क घातल्याशिवाय कापायला बसू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. खोका हवाबंद झालाय का ते बघायचं तर वूफरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) बोटांनी अगदी हळू आत दाबायचा आणि सोडायचा, सावकाश परत आला तर बरोबर, झटकन आला तर कुठूनतरी हवा निसटतेय. माझ्या पहिल्या खोक्यात ती मागच्या टर्मिनलच्या कडेने निसटत होती. हे सगळं हाताला सवय झाली की जमतं, सुताराकडून करून घेतलं तरी काही बिघडत नाही.

खोका किती मोठा हवा हा प्रश्न तर आपल्या आधीच्या लोकांनी सोडवून ठेवलाय. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफरचं वागणं मोजक्या आकड्यांत बसवलं, ते थील-स्मॉल पॅरामीटर आज वूफरच्या कागदावर छापलेलेच असतात. माझ्या वूफरचं बघा, एफएस (ज्या सुरावर तो स्वतःहून थरथरतो) ४५ हर्ट्झ, क्यूटीएस (ती थरथर किती लवकर शमते) ०.३६, व्हॅस (जेवढी हवा त्याच्या कोनाइतकीच लवचिक असते) २२ लिटर. बंद खोक्यात हाच शमण्याचा आकडा, क्यू, ०.७०७ आला की बास (खालचे सूर) सपाट राहून मग हळूहळू उतरतो, तर त्यासाठी गणित करा, उत्तर येतं साधारण ७.७ लिटर. एवढासा खोका! आणि त्यात बास साधारण ८८ हर्ट्झला ३ डेसिबलने खाली येतो. लोक म्हणतात मग छिद्रवाला खोका का नाही केलात, अजून खाली गेला असता. अहो पण होम थिएटरमध्ये खालचं काम सबवूफर (फक्त सगळ्यात खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) करतो ना, रिसिव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या पेटीत) ८० हर्ट्झला कापलं की बंद खोक्याचा स्वतःचा १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होईपर्यंत १२ डेसिबलचा) उतार आणि रिसिव्हरचा १२, मिळून २४ होतात आणि सबवूफरच्या २४ च्या उताराशी जवळजवळ जुळून जातात. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सवाल्यांची मांडणी याच हिशोबावर उभी आहे. म्हणून मुख्य स्पीकरना बंद खोका, हे माझं ठाम मत आहे.

अवघड आहे तो क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट. वूफर आणि ट्वीटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक जड, एक नाजूक, त्यांना मिळून एकच माणूस बोलतोय असं वाटायला लावायचं, आणि तेही समोर बसलेल्या एकालाच नाही तर खोलीतल्या सगळ्यांना.

मी आधी काय केलं, तर क्रॉसओव्हरचं कॅल्क्युलेटर उघडलं, ८ ओहम आणि २२०० हर्ट्झ टाकलं, आले ते कॅपॅसिटर आणि कॉइल आणून सोल्डर केले. सगळे नवीन लोक हेच करतात आणि इथेच फसतात. त्या सूत्रात स्पीकर म्हणजे एक साधा ८ ओहमचा रेझिस्टर असं गृहीत धरलेलं असतं, आणि खरा वूफर तसा नसतोच, त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो, खाली रेझोनन्सला (तो स्वतःहून थरथरतो त्या सुराला) डोंगर असतो आणि वर कोन हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे चढत जातो. शिवाय ट्वीटर आणि वूफर खोक्याच्या एकाच पुढच्या फळीवर बसवले तरी वूफरचा आवाज कोनच्या खोलगट भागातून निघतो, म्हणजे साधारण २ सेंटीमीटर मागून. २ सेंटीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण २२०० हर्ट्झची अख्खी लाट साडेपंधरा सेंटीमीटरची असते, त्यात २ सेंटीमीटरचा फरक म्हणजे फेज (लाटेच्या चढउताराची वेळ) ४५ अंशांहून थोडी जास्त सरकली. आणि तिसरी गोष्ट फळीच्या रुंदीची, खालचे सूर स्पीकरच्या मागेही वळून जातात आणि वरचे फक्त पुढे येतात, माझी फळी २२ सेंटीमीटर रुंद, म्हणजे सव्वापाचशे हर्ट्झच्या आसपास हा बदल होतो आणि मोकळ्या जागेत खालची बाजू पार ६ डेसिबलपर्यंत पातळ पडते. हे भरून काढलं नाही तर पुरुषाचा आवाजही नाकातून आल्यासारखा वाटतो. ट्वीटर तर मुळात जास्त जोरात वाजतो, त्याला दोन रेझिस्टर लावून खाली आणावा लागतो. यातलं काहीही त्या कॅल्क्युलेटरला माहीत नसतं.

तरी डावा-उजवा स्पीकर मी दोन-तीन वेळा बदल करून ठीकठाक केला. गाणी छान वाजायला लागली, मी खूष. मग मधला केला, सेंटर. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद या एकट्या स्पीकरमधून येतात, तरी लोक सगळ्यात कमी विचार याचाच करतात आणि मीही तेच केलं. टीव्हीखाली जागा बुटकी, म्हणून आडवा खोका, मध्ये ट्वीटर आणि दोन बाजूंना एकेक वूफर. दिसायला एकदम देखणा झाला होता, बाजारात मिळतात तसाच.

आई सोफ्याच्या डाव्या टोकाला बसते. तिथे तिची उशी, तिचा चष्मा, वाचायचा दिवा, ती जागा तिची. नवीन सेंटर आल्यापासून ती दर पाच मिनिटांनी विचारायला लागली, काय म्हणाला तो? मी सांगायचो. मग आवाज वाढवायचो, तर स्फोट नि गाड्या अंगावर यायच्या आणि संवाद तसेच. काही दिवसांनी तिने विचारणं बंद केलं आणि सिनेमा लावला की ती आतल्या खोलीत जाऊन पडायला लागली, म्हणायची मला झोप येतेय. मी धरून चाललो की आता वय झालं, ऐकू कमी येतंय. कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "बातम्या मला नीट कळतात रे." बातम्या आम्ही टीव्हीच्याच स्पीकरवर लावत होतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा तिच्या जागेवर जाऊन बसलो. इतके महिने मी मधोमध बसूनच ऐकत होतो, मोजतही मधोमधच होतो. तिच्या जागेवरून तोच सीन लावला आणि माणूस कांबळ्याआडून बोलतोय असं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सेंटर उचलून खोलीच्या मध्यात १.२ मीटर उंचीवर ठेवला, माईक १ मीटरवर, आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं. एवढ्या उंचीवर ठेवायचं कारण असं की जमिनीवर आपटून येणारा आवाज तेव्हा १.६ मीटर जास्त चालून येतो, साधारण ४.७ मिलिसेकंद उशिरा, त्याच्या आधीचाच तुकडा ठेवला की खोलीचा गोंधळ वगळून निदान २१५ हर्ट्झच्या वरचं स्पीकरचं खरं रूप दिसतं. समोरून मोजलं, रेघ सुंदर सपाट. मग स्पीकर ३० अंश फिरवला, कारण आईची जागा मध्यापासून १.६ मीटर बाजूला आणि टीव्हीपासून २.८ मीटर लांब, कोन तेवढाच येतो. आणि ग्राफमध्ये दोन खड्डे, एक हजार हर्ट्झच्या जरा वर, दुसरा २२०० च्या आसपास.

कागद घेऊन बसलो तर सगळं उलगडलं. दोन वूफरमध्ये ३२ सेंटीमीटर अंतर. ३० अंशातून ऐकणाऱ्याला एक वूफर दुसऱ्यापेक्षा १६ सेंटीमीटर लांब पडतो. १०७० हर्ट्झची अर्धी लाट बरोबर १६ सेंटीमीटर. म्हणजे एक वूफर हवा ढकलत असताना दुसऱ्याची लाट खेचत असते, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि तिथे ट्वीटर अजून कामाला लागलेला नसतो. आणि २२०० ला? दोन्ही वूफर आपसात पुन्हा जुळतात पण आता ट्वीटरपेक्षा अर्धी लाट पुढे-मागे असतात, म्हणजे नेमक्या क्रॉसओव्हरच्या जागी ट्वीटरच्या विरोधात. पहिल्या खड्ड्यात स्वर गेले, दुसऱ्यात व्यंजनांची धार गेली. आईला संवाद कळणार कसा?

ही वूफर-ट्वीटर-वूफर रचना वाईट नाहीये बरं का. जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये ती मांडली ती उभी, तेव्हा हे खड्डे वर-खाली म्हणजे जमिनीकडे आणि छताकडे जातात, जिथे कोणी बसत नाही. टीव्हीखाली मावावी म्हणून तीच आडवी केली की खड्डे सोफ्याच्या दोन्ही टोकांना येतात. आडवीच करायची असेल तर मध्ये एक छोटा मिडरेंज (मधल्या सुरांचा) आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असं उभं बसवायचं आणि मोठे वूफर फक्त खालच्या सुरांपुरते वापरायचे, मग ते अंतर त्रास देत नाही, पण तो तीन भागांचा क्रॉसओव्हर म्हणजे कामही दीडपट.

मी दुसरा रस्ता घेतला. टीव्ही भिंतीवर थोडा वर सरकवला आणि डाव्या-उजव्यासारखाच तिसरा उभा स्पीकर खाली ठेवला, मागे जरा झुकवून, म्हणजे ट्वीटर ऐकणाऱ्याच्या कानाकडे बघतो. आणि यावेळी क्रॉसओव्हर तिन्हींचा नव्याने केला, आधी मोजून. प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर, खोक्यात बसवल्यावर वेगवेगळा मोजला, समोरून, १५ अंश, ३० अंश, इम्पीडन्सही मोजला, मग ते सगळं सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून लिंकविट्झ-रायलीचा चौथ्या ऑर्डरचा (२४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा) उतार मिळेपर्यंत किमती बदलत राहिलो. १९७६ ची ही पद्धत, दोन्ही ड्रायव्हर जोडाच्या जागी ६ डेसिबल खाली आणि दोघांची फेज एक. ती जुळली का हे तपासायची एक युक्ती मला फार आवडते, ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या लावायच्या आणि मोजायचं. दोघं खरंच एका तालात असतील तर आता जोडाच्या जागी खोल दरी दिसली पाहिजे, जेवढी खोल तेवढं जुळणं चांगलं. माझ्याकडे आधी नुसता खळगा यायचा, तिसऱ्या प्रयत्नात एक कॅपॅसिटर जरासा वाढवला तेव्हा रेघ धाडकन खाली गेली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग तारा सरळ केल्या, सोल्डर पक्कं केलं.

लोक विचारतात महागडे कॅपॅसिटर घेऊ का, मी म्हणतो साधे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या आणि उरलेल्या पैशात कॅलिब्रेशन फाइलसकट (त्या माईकची स्वतःची चूक किती ते सांगणारी फाइल) येणारा माईक घ्या. कॉइल एकमेकींशी काटकोनात आणि लांब बसवा, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. आणि ट्वीटरचा रेझोनन्स बघा, माझा ९०० हर्ट्झचा आहे, क्रॉसओव्हर निदान त्याच्या दुप्पट तरी वर हवा, नाहीतर जोरात वाजवल्यावर तो कर्कश होतो आणि एक दिवस जळून जातो.

आडवा सेंटर अजून माळ्यावर आहे, ड्रायव्हर काढून घेतलेत, नुसता खोका. तर सगळ्यात अवघड काय असं विचाराल तर हे, स्पीकर सोफ्याच्या त्या टोकाला काय देतोय ते मोजणं आणि मधली रेघ सुंदर आली म्हणून तिथेच न थांबणं.

नवीन सेंटर लावला त्या रात्री आईला सांगितलं नाही, नुसता सिनेमा लावला. ती तिच्या जागेवर बसली, उशी मागे घेतली, शेवटपर्यंत बसली. मध्ये एकदाच म्हणाली, काय म्हणाला तो? माझ्या पोटात गोळा आला. मागे नेऊन परत लावलं, तर तो बिचारा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला होता आणि मलाही नव्हतं कळलं.