एका वारसनोंदीची साडेतीन वर्षे

मार्च २०१९ मध्ये वडील गेले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी त्यांच्या नावावर सव्वादोन एकर जमीन होती आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे लावून घेणे हे एकुलता मुलगा म्हणून माझे काम होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे असा हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. कायदा तर म्हणतो की तोंडी कळवले तरी चालेल. मी कळवले नोव्हेंबर २०२२ मध्ये.

मला आळशी म्हणणे अवघड आहे. पुण्यात एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी नोकरी करतो, शेकडो लोकांची विवरणपत्रे मुदतीच्या आत भरून देतो आणि घरचे वीजबिल कधी थकू देत नाही. तरीही मृत्यूचा दाखला ठेवलेले ते निळे फोल्डर कपाटावरून खाली काही येत नव्हते. पहिल्या वर्षी वर्षश्राद्ध होऊ दे म्हटले, २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि कार्यालये पूर्ववत सुरू झाल्यावरही मी टाळेबंदीचेच कारण आणखी वर्षभर पुरवून वापरले. आईचा फोन आला की मी महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेत असे. असे सहा वेळा केले. प्रत्येक वेळी काहीतरी मार्गी लागल्यासारखे वाटे आणि पुढचे दोन-तीन महिने मन स्वस्थ राही. चालढकलीचा हा प्रकार मला सगळ्यांत फसवा वाटतो, कारण तो बाहेरून अगदी कामासारखा दिसतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ताईने सांगितले की रब्बीच्या पेरणीसाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या. जमीन अजून वडिलांच्याच नावावर असल्याने गावच्या विकास सोसायटीतून तिला पीककर्ज मिळू शकत नव्हते, आणि हे ती मला सांगणार नव्हती. असे ऐकल्यावर माणूस दुसऱ्याच दिवशी गाव गाठेल असे कोणालाही वाटेल. मी मात्र तीन आठवडे आईचा फोन उचलायचे टाळले.

त्या तीन आठवड्यांत, म्हणजे पुन्हा कामाऐवजी, मी चालढकलीवर बरेच वाचले. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाचे टिमोथी पिचिल आणि त्यांच्याबरोबर संशोधन करणाऱ्या फ्यूशिया सिरोइस यांचा २०१३ चा एक लेख आहे. चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून त्या क्षणीची नकोशी भावना टाळण्याचा प्रकार आहे, असे त्यांचे म्हणणे. ते वाचल्यावर मी स्वतःला प्रथमच नीट प्रश्न विचारला, की या अर्जात मला नेमके काय नकोसे आहे?

उत्तरे दोन निघाली. वारसनोंद झाली की मयत खातेदाराच्या नावाला कंस होतो, म्हणजे ते नाव आता कमी झाले अशी खूण होते. गावात सहज बोलतात, ‘त्याच्या नावाला कंस झाला’. तो कंस माझ्या अर्जामुळे पडणार होता. दुसरे उत्तर ओशाळवाणे होते. वारस म्हणून आईबरोबर दोन्ही बहिणींची नावेही लागणार आणि ती तशीच लागली पाहिजेत, हे मला ठाऊक होते. पण गावातला कोणीतरी ‘बहिणींकडून हक्कसोड कधी घेणार?’, म्हणजे त्यांचा वाटा लेखी सोडवून कधी घेणार, असे विचारणार, आणि आपल्या मनातही तो विचार आहे की काय, हे मला तपासायचे नव्हते. मी केलेल्या तारखांच्या याद्या आणि मोबाइलवर लावलेले रिमाइंडर का निष्फळ ठरले ते तेव्हा कळले. त्या याद्यांत ‘वारसनोंद’ एवढाच शब्द असे, आणि भीती त्या शब्दाच्या आत होती.

पिचिल यांचाच सहभाग असलेल्या २०१० च्या एका अभ्यासात असे दिसले होते की, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली. स्वतःला माफ करणे मला जमले नसते, म्हणून मी आईला फोन करून चुकलो असे सांगितले. ती म्हणाली, “बरं. जेवलास का?” मग ताईला फोन केला आणि हक्कसोडीचा विषय मीच काढला. ती म्हणाली, “आधी नावं लाव. पुढचं पुढे बघू.” साडेतीन वर्षे टाळलेले बोलणे चार मिनिटांत संपले.

त्यानंतर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘असे झाले की तसे करायचे’ ही साधी पद्धत धरली. शनिवारी सकाळचा चहा झाला की कप विसळायला उठण्याआधी फोल्डर उघडायचे, एवढेच ठरवले. लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर नाव, वय, नाते असे तीन रकाने आखले. चौघांची नावे झटकन लिहून झाली. वडिलांच्या नावापुढे ‘मयत’ हा शब्द लिहायला मात्र वीस मिनिटे लागली, आणि त्यातल्या ‘य’च्या जागी शाईचा ठिपका पडला आहे.

पुढचे काम फारसे सांगण्यासारखे नाही. तलाठी कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत भाऊसाहेबांकडे, अर्ज दिला. दाखल्यावर वडिलांचे पूर्ण नाव होते आणि सातबाऱ्यावर घरगुती, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागेल असे कळले. परत जाऊन सावकाश करू, हा जुना विचार तिथेच डोकावला. मी बसस्थानकाकडे न वळता समोरच्या मुद्रांक विक्रेत्याकडे वळलो. वारसनोंदवहीत नोंद झाली, फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरला गेला, नोटिसा निघाल्या, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला.

जानेवारी २०२३ मध्ये सातव्यांदा पंधरा रुपये भरून सातबारा काढला आणि गावी घेऊन गेलो. आईने चष्मा लावला आणि नावांवरून बोट फिरवले: तिचे, माझे, दोन्ही बहिणींची. वडिलांच्या नावाला कंस होता आणि वरून आडवी रेघ मारलेली होती. तिथे तिचे बोट थांबले. मी काही समजावून सांगणार, तोच ती म्हणाली, “ह्यांचं नाव वाचता येतंय की.”