हेकलर म्हणजे मूळचा फणीवाला

स्टँडअपच्या शोमधे मधेच ओरडणाऱ्याला हेकलर म्हणतात हे आता आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहितीये. पण हा शब्द जवसाच्या धाग्यांतून आलाय हे कळलं आणि तेव्हापासून तो काही डोक्यातून जात नाहीये.

जवस म्हणजे तेच हो, ज्याची आपण चटणी करतो. युरोपात त्याच झाडाच्या खोडातून लिननचा धागा काढतात. झाडं मुळासकट उपटायची, पाण्यात कुजवायची, वाळवून कुटायची, आणि मग हेकल. म्हणजे एक प्रकारची फणीच, लाकडी फळीवर ओळीने उभे ठोकलेले टोकदार लोखंडी खिळे. धाग्यांची जुडी मुठीत घट्ट धरून त्या खिळ्यांवर टाकायची आणि अंगाकडे ओढायची, परत टाकायची परत ओढायची, आधी विरळ खिळ्यांवर मग बारीक दाट खिळ्यांवर, की गुंता सुटत जातो, लांब तंतू हातात राहतात आणि आखूड तुटके खिळ्यांत अडकतात. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्ससुद्धा १७८१ मधे हे काम शिकायला तिथल्याच अर्विन गावी गेला होता, पण नव्या वर्षाच्या धांगडधिंग्यात दुकानच जळालं.

खरी गंमत डंडीची. स्कॉटलंडमधल्या या गावचे हेकलर, म्हणजे हेकलवर जवस विंचरणारे कामगार, कोणाला न ऐकणारे म्हणून प्रसिद्ध होते. एकजण मोठ्याने पेपर वाचायचा आणि बाकीचे हात चालवत त्यावर वाद घालायचे. असली माणसं निवडणुकीच्या सभेत गेली तर उमेदवाराला सोडतील का? त्याच्या बोलण्यातला गुंता प्रश्नांनी ओढून काढणं, याला स्कॉटलंडमधे हेकलिंग म्हणायला लागले. म्हणजे नुसतं ओरडणं नाही, पेपर वाचून आलेल्या माणसाने विचारणं.

मी इतकी वर्षं याला मराठीत हुल्लडबाजी म्हणत होते, ते चूकच. आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे की, पिंजून काढणं! तिकडे जवस, इकडे कापूस. लहानपणी गल्लीत पिंजारी यायचा, खांद्यावर ते मोठं धनुष्यासारखं पिंजण, आणि आई जुनी गादी उसवून द्यायची. त्याच्या तातेचा, म्हणजे ताणलेल्या दोरीचा, टंग टंग आवाज सुरू झाला की दगडासारखे झालेले गठ्ठे बघता बघता फुलायचे आणि खाली सतरंजीवर इतकी काळी माती पडायची, की इतकी वर्षं आपण यावर झोपत होतो हे खरंच वाटायचं नाही.