कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निवांत बसू नका

आमच्या भिशीत हल्ली साड्यांपेक्षा रिपोर्टवर जास्त गप्पा होतात, वयच तसं आहे म्हणा. आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "अगं माझं कॅल्शियम ९.४ आलंय, हाडं एकदम ठणठणीत!" तर बायांनो, तसं नसतं.

रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून ठरलेल्या पातळीत ठेवतं, कारण त्याच्यावर हृदय, स्नायू, नसा सगळं चालतं. डी जीवनसत्त्व कमी असलं की जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, मग गळ्यात थायरॉइडच्या मागे ज्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात त्या पीटीएच नावाचं हार्मोन जास्त सोडतात आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणजे पगार बंद झालाय पण एफडी मोडून किराणा भरला जातोय, बाहेरून बघणाऱ्याला घर छान चाललेलं दिसतं. माझंही असंच, कॅल्शियम नॉर्मल, डी फक्त १४ (२० च्या खाली म्हणजे कमतरताच) आणि पीटीएच वरच्या मर्यादेच्याही पुढे.

त्यात पाळी गेलेली. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालतं, ते गेलं की झीज जास्त आणि भरणं कमी, आणि पाळी बंद झाल्यावरची पहिली काही वर्षं हे सगळ्यात जोरात चालतं. तेव्हा दुखत काहीच नाही हो, हाच तर त्रास आहे.

डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात ती तपासणी) मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, -२.१ आला. -२.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) म्हणतात, मी त्याच्या अलीकडे आहे. पण डेक्सा एफडीत किती उरलंय तेवढंच सांगते, ती किती वेगाने मोडतेय ते नाही. त्यासाठी डॉक्टरांनी सीटीएक्स ही रक्ततपासणी लिहून दिली (लॅबच्या चिठ्ठीवर बीटा क्रॉसलॅप्स असंही असतं), आणि नवीन हाड किती बनतंय त्यासाठी पीवनएनपी, तीही रक्ताचीच. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्यायची, कारण ती पहाटे जास्त असते, दुपारपर्यंत उतरते आणि खाल्लं की अजून खाली जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्याने काही मशिनवर सीटीएक्स आणि पीटीएच दोन्ही चुकीचे येतात. पन्नाशीत केस गळतात म्हणून बायोटिन निम्म्या जणी घेतच असतात, आणि लॅबवाले विचारतीलच असं नाही.

उन्हाचं म्हणाल तर सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण डी बनवणारे यूव्हीबी किरण त्यात फारच कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि बंद खिडकीच्या काचेतून येणारं जवळजवळ बिनकामाचं. नाचणीची भाकरी, तीळ जरूर खा पण डी पोटात नसेल तर ते कॅल्शियम पूर्ण अंगी लागत नाही.

डीचं ६०,००० युनिटचं सॅशे मात्र मैत्रिणीने सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं घेत राहू नका. ते बहुतेकदा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच असतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम खरंच वाढतं आणि किडनीवर येतं. माझा सॅशेचा कोर्स झाला की डी आणि पीटीएच परत तपासायचं, आणि हाडांची झीज थांबवणारी गोळी सुरू झालीच तर तीन महिन्यांनी सीटीएक्स, कारण गोळी लागू पडतेय की नाही ते त्यात लवकर कळतं, डेक्सात फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात.