साइट बांधण्यापासून साइट सांभाळण्यापर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं ऑफिस सुरू झालं तेव्हा काम सरळ होतं. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) साइट बनवायची, पैसे घ्यायचे, पुढचं गिऱ्हाईक बघायचं. गूळ व्यापारी, मंगल कार्यालयं, क्लासवाले, दवाखाने. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना एकदम वूकॉमर्सचं, म्हणजे वर्डप्रेसवरचं ऑनलाइन, दुकान हवं झालं, तेही पुढच्या आठवड्यात. दुकान आलं, फोटो वाढले, आणि पाठोपाठ 'साइट लई स्लो हाय' हे फोन सुरू झाले.

त्यावर लोक यूट्यूब बघून कॅशेचं प्लगिन टाकायचे. कॅशे म्हणजे पानाची तयार प्रत जपून ठेवायची आणि तीच पटकन दाखवायची. एकानं भागलं नाही की दुसरं. डब्ल्यूपी सुपर कॅशेवर डब्ल्यूपी रॉकेट, होस्टिंगचं स्वतःचं लाइटस्पीड खाली, क्लाउडफ्लेअर वर, आणि कॅशे प्रत्येकाचा वेगळा. वर्डप्रेसमध्ये पेज कॅशेच्या 'अॅडव्हान्स्ड-कॅशे' फाइलला जागा एकच आहे, त्यामुळे दोन प्लगिनं एकाच खुर्चीसाठी भांडतात. एखादं बंद केलं तरी त्यानं एचटीअॅक्सेसमध्ये (सर्व्हरच्या नियमांची फाइल) लिहिलेले नियम कधीकधी मागे राहतात. मग मालक किंमत बदलतो, त्याला नवी दिसते, गिऱ्हाइकाला जुनीच. अशा दुसऱ्यांनी बांधलेल्या साइटी दुरुस्तीला यायला लागल्या आणि आमच्या धंद्याची दिशा तिथून बदलली.

कलाटणी दिली ती एका कोल्हापुरी चपलांच्या दुकानानं. साइट दुसऱ्या एजन्सीनं बनवलेली. मालकांची तक्रार एका ओळीची होती: "ऑर्डरी दिसत्यात, पैसं कुठं हाईत?" काही ऑर्डरींवर पेमेंट झाल्याची नोंद, बँकेत मात्र काही नाही. आणि हे रोज नाही, अधूनमधून. पेमेंट गेटवेकडे विचारलं तर तिथे लाइव्ह खात्यात या व्यवहारांचा पत्ताच नव्हता. ते टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे न हलता, झाले होते.

लाइव्ह साइटच्या डेटाबेसमध्ये गेटवेची की (खातं ओळखायचा गुप्त कोड) बरोबर होती. डॅशबोर्डवर मात्र कधी बरोबर, कधी टेस्टची. म्हणजे साइट ही सेटिंगं डेटाबेसमधून वाचतच नव्हती. होस्टिंगच्या पॅनेलमधून एका क्लिकवर स्टेजिंग, म्हणजे बदल तपासायला लाइव्ह साइटची नक्कल, बनवलेलं होतं, आणि दोन्ही साइटी एकाच रेडिसला जोडलेल्या. रेडिस म्हणजे डेटाबेसमधली माहिती पटकन मिळावी म्हणून मेमरीत ठेवणारा कॅशे. रेडिसमध्ये सुरुवातीला 16 डेटाबेस असतात, पण मुद्दाम सांगितलं नाही तर सगळे शून्य क्रमांकाचाच वापरतात. लाइव्हला प्रिफिक्स (आपल्या नोंदी वेगळ्या ओळखायला नावाआधी लावायची खूण) दिलेला होता हो, पण डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली ती ओळ जशीच्या तशी कॉपी झाल्यामुळे स्टेजिंगलाही तोच. वर्डप्रेस बहुतेक सेटिंगांचा एक मोठा गठ्ठा 'ऑलऑप्शन्स' या एकाच नावानं ऑब्जेक्ट कॅशेमध्ये, इथे रेडिसमध्ये, ठेवतं, आणि गेटवेची सेटिंगं त्याच गठ्ठ्यात जातात. स्टेजिंगवर कुणी काही सेव्ह केलं की तिथला गठ्ठा रेडिसमध्ये, आणि लाइव्ह तोच उचलायची.

एरवी असं झालं की लाइव्हवरचं गिऱ्हाईक थेट स्टेजिंगच्या पत्त्यावर जाऊन पडतं आणि बोंब लगेच होते. इथे दोन्हीकडे साइटचा पत्ता डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये पक्का लिहिलेला होता, म्हणून पत्ता हलला नाही. हललं ते फक्त न दिसणारं.

स्टेजिंग हुबेहूब असावं असं सगळे म्हणतात. आमचं मत त्या दिवसापासून थोडं वेगळं आहे. कोड हुबेहूब हवा, जोडण्या मुळीच नकोत. क्लोन केल्या केल्या, कुणी लॉगिन करायच्या आत, रेडिसचा प्रिफिक्स आणि डेटाबेस क्रमांक बदलायचा. सुपर कॅशे तर आपल्या फोल्डरचा पूर्ण रस्ता डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये लिहून ठेवतं, तोही तपासायचा. क्लाउडफ्लेअरची की काढून टाकायची, कारण स्टेजिंग त्याच डोमेनच्या सबडोमेनवर असेल तर तिथून 'पर्ज एव्हरीथिंग' (सगळा कॅशे पुसा) दाबल्यावर लाइव्हचाही सगळा कॅशे जातो. ऐन सेलमध्ये हे झालं की सर्व्हर गुडघे टेकतो.

2020 मध्येच आलेल्या वर्डप्रेस 5.5 पासून एखादी साइट लाइव्ह आहे की स्टेजिंग, हे कॉन्फिगमध्ये सांगता येतं. आमच्या पोरांनी त्यावर एक छोटं प्लगिन लिहिलं. स्टेजिंग असेल तर वर लाल पट्टी दिसते आणि गिऱ्हाइकांना मेल जात नाहीत. पट्टीचा उपयोग मेलपेक्षा जास्त झाला, हे खरं.

काही जण स्टेजिंगवर सगळा कॅशे बंदच ठेवतात. रोजच्या कामाला ठीक, पण दुकानासाठी आम्हाला ते पटत नाही. कार्ट, चेकआउट आणि 'माय अकाउंट' ही पानं कॅशे होता कामा नयेत, आणि ती होतात की नाही हे कॅशे चालू असल्याशिवाय कळणार कसं? म्हणून लाइव्हला नेण्याआधी एक फेरी कॅशे चालू करून, दोन वेगवेगळ्या मोबाइलवरून खरेदी करून बघतो. लाइव्हवर जातो तो फक्त कोड. कॉन्फिग आणि कॅशेच्या फायली तिथल्या तिथेच राहतात, आणि डेटाबेस तर नाहीच, नाहीतर मधल्या काळात आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातील.

आज नव्या साइटींपेक्षा वार्षिक देखभालीचे करार आमच्याकडे जास्त आहेत. कोटेशनमध्ये स्टेजिंगची ओळ वेगळी असते आणि बहुतेक जण आधी तीच खोडायला सांगतात. माहितीपुरती पाच पानांची साइट असेल तर आम्हीही खुशाल खोडतो. दुकान असेल तर खोडत नाही, आणि त्यावरून काही कामं हातची गेलीही आहेत.